निगडीच्या पाल्याचं जेल: चिकाने उठलेल्या कातडीवर खरंच चालतं का, आणि ते तपासायचं कसं?

पालशेतचा_पाला

नमस्कार मंडळी. मी एम.फार्मला आहे, गाव गुहागर तालुक्यात. प्रोजेक्टला विषय घेतलाय निगडीच्या म्हणजे निर्गुंडीच्या पाल्याचा अर्क काढून जेल बनवायचं आणि ते त्वचेच्या दाहावर चालतं का ते तपासायचं. हाच विषय का, तर आमच्याकडे एप्रिल-मे मध्ये आंबा काढणाऱ्या गड्यांचे हात, मान, कधीकधी डोळ्याखालची कातडी सुद्धा चिकाने लाल होऊन सुजते, फोड येतात, काजू सोलणाऱ्या बायकांचं तेच, आणि त्यावर मिळतं काय तर मेडिकलवाल्याने हातात ठेवलेली कुठली तरी ट्यूब. निगडी तर प्रत्येकाच्या कुंपणाला आहे.

अर्क ७०% अल्कोहोलमध्ये भिजवून काढला आणि रोटरीवर (कमी दाबाखाली आटवायचं यंत्र) आटवला. बेस (अर्काशिवायचं नुसतं जेल) कार्बोपॉल ९४० एक टक्का, प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, मिथाइल आणि प्रोपाइल पॅराबेन, पीएच ट्रायइथेनॉलअमाइनने आणला. नुसता बेस अगदी नितळ आणि घट्ट होतो, पण त्यात ५% अर्क घातला की थोड्या वेळात पातळ पडायला लागतो आणि दुसऱ्या दिवशी हिरव्याचा तपकिरी होतो. ट्रायइथेनॉलअमाइन वाढवून बघितलं, घट्ट होत नाही, रंग मात्र अजून काळपट येतो.

दुसरं म्हणजे टेस्टिंग. गाईड म्हणतात अंड्याच्या पांढऱ्याची प्रोटीन डिनॅच्युरेशन (तापवल्यावर प्रथिन बिघडणं अर्क रोखतो का) आणि उंदराच्या पंजाची कॅराजिनन टेस्ट (कॅराजिनन टोचून आणलेली सूज उतरते का) केली की झालं. मला नाही पटत की एवढ्यावर आमच्या गड्यांना लावा म्हणून सांगता येईल. जाणकारांनी मोकळेपणी सांगा.

जांभा_मास्तर

फॉर्म्युलेशन शिकवण्यात हयात गेली म्हणून जरा सविस्तर लिहितो, वेळ काढून वाच.

कार्बोपॉल म्हणजे पॉलिअ‍ॅक्रिलिक आम्ल. पाण्यात भिजवलं की नुसतं फुगतं, पीएच साधारण ३ च्या आसपास असतो आणि साखळ्या गुंडाळलेल्या असतात. ट्रायइथेनॉलअमाइन घातलं की साखळीवर ऋण भार येतात, ते एकमेकांना ढकलतात, साखळ्या उलगडतात आणि जेल उभं राहतं. आता पाल्याचा अर्क म्हणजे फक्त फ्लेवोनॉइड नव्हेत बाळा, त्यात पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार भरपूर असतात. हे क्षार त्या ऋण भारांना झाकून टाकतात, ढकलाढकली थांबते, साखळ्या परत गुंडाळतात आणि जेल बसतं. मग तू ट्रायइथेनॉलअमाइन वाढवतोस, पण त्याने क्षार कुठे कमी होणार? उलट पीएच वर जातो आणि पाल्यातले फिनॉल हवेतल्या ऑक्सिजनने काळे पडतात. म्हणजे पातळ होणं आणि काळं पडणं ही दोन वेगळी दुखणी आहेत, एका औषधाने जाणार नाहीत.

रंगाबद्दल आधी एक सांग, अर्क तू न्यूट्रल करायच्या, म्हणजे ट्रायइथेनॉलअमाइन घालायच्या, आधी घातलास की नंतर? आधी घातला असशील तर हिरव्याचं तपकिरी तिथेच झालं, कारण आम्लात क्लोरोफिलमधला मॅग्नेशियम निघून जातो आणि शेवाळी-तपकिरी फिओफायटिन उरतं. अर्क प्रोपिलीन ग्लायकॉलमध्ये नीट विरघळवून घे आणि जेल पीएच ५.५ ते ६ ला आणल्यावर हळूहळू मिसळ. कातडीचा स्वतःचा पीएच साडेचार ते सहाच्या मधला असतो, त्यामुळे सातच्या पुढे जायचं काही कारणच नाही.

घट्टपणासाठी दोन वाटा. एक म्हणजे अर्क साफ करणं. अल्कोहोलचं प्रमाण वाढवलंस तर क्षार आणि डिंक कमी येतील, आणि ०.०५ ते ०.१% डायसोडियम ईडीटीए घातलंस तर कॅल्शियम-लोह बांधलं जाईल (पोटॅशियमला त्याचा उपयोग नाही). दुसरी वाट बेस बदलणं. एचपीएमसी के४एम (सेल्युलोजपासूनचं घट्ट करणारं) दोन-तीन टक्के किंवा झँथन गम एक ते दीड टक्का. एचपीएमसीला भारच नाही त्यामुळे क्षारांनी त्याचं फारसं बिघडत नाही, झँथनही क्षारात चांगलं टिकतं. दिसायला कार्बोपॉलइतकं नितळ नाही येणार, पण तुला शोकेसमध्ये ठेवायचं नाहीये.

आणि पाणी कुठलं वापरतोस?

पालशेतचा_पाला

सर, अर्क आधीच घातला होता. पाणी लॅबचं डिस्टिल्ड. पण पुढे बचत गटाला गावात बनवायचं झालं तर विहिरीचं उकळून गाळून चालेल का असा विचार होता.

लोटे_क्यूसी

विहिरीचं पाणी डोक्यातून काढून टाक दादा. मी लोटेला क्वालिटी कंट्रोलमध्ये आहे, पाण्यावरच आमचा अर्धा दिवस जातो. आपल्याकडे जांभ्याचा दगड, त्यात लोह, तेच पाण्यात उतरतं, आणि लोह + पाल्यातले टॅनिन म्हणजे निळंकाळं पाणी. किनाऱ्याजवळच्या विहिरी तर उन्हाळ्यात मचूळ होतात म्हणजे परत मीठ आलं, मीठ आलं की मास्तरांनी सांगितलं तेच, कार्बोपॉल बसलं. उकळून क्षार जात नाहीत, उलट पाणी आटून वाढतात.

अजून एक जे प्रोजेक्टवाले कायम विसरतात ते म्हणजे जंतू. पाण्याचं जेल आणि त्यात पाल्याचा अर्क म्हणजे बुरशीला आयतं जेवण, आणि आपली हवा तर अशी दमट. कातडीवर लावायच्या औषधाला मर्यादा अशा की ग्रॅममागे एकूण बॅक्टेरिया १०० च्या घरात, बुरशी-यीस्ट १० च्या घरात, आणि स्टॅफिलोकोकस ऑरियस आणि स्यूडोमोनास एरुजिनोसा हे दोन अजिबात नकोत. मिथाइल पॅराबेन ०.१८ आणि प्रोपाइल ०.०२ हे पुस्तकी प्रमाण ठीक आहे, पण ते तुझ्या अर्कासोबत काम करतं की नाही हे मुद्दाम जंतू सोडूनच कळतं, त्याला चॅलेंज टेस्ट म्हणतात. "नॅचरल" म्हणून सोडियम बेंझोएट घालायचा मोह झाला तर लक्षात ठेव की ते पाचच्या खालच्या पीएचलाच धड चालतं.

स्टॅबिलिटी ४० डिग्री आणि ७५% आर्द्रतेला सहा महिने. पण २५ डिग्री-६०% चा लाँग टर्म डेटा आपल्या कामाचा नाही, उष्ण आणि फार दमट हवेसाठी ३० डिग्री-७५% हा झोन ४बी धरतात आणि कोकणात तोच खरा. ब्रुकफील्ड यंत्रावर व्हिस्कॉसिटी (घट्टपणा), काचेच्या दोन पट्ट्यांत स्प्रेडॅबिलिटी (किती पसरतं ते), पीएच, रंग हे सगळं दर महिन्याला त्याच तापमानाला मोजायचं.

वैद्य_मळेवाड

चर्चा छान चालली आहे. पण सगळे जेलच्या मागे लागलेत, पाल्याकडे कोणी बघतच नाही म्हणून लिहितोय.

निर्गुंडी, व्हायटेक्स नेगुंडो. तीन किंवा पाच पर्णिका, पानाची खालची बाजू पांढरट, चुरगळली की उग्र वास. पण किनाऱ्यावर वाळूत पसरणारी जी समुद्र-निर्गुंडी तिचं पान बहुधा एकेरी असतं आणि ती वेगळी जात आहे, गुहागरच्या पट्ट्यात गोळा करताना दोन्ही एकाच गोणत्यात येऊ शकतात. तेव्हा फुलाफळासकट नमुना दाबून पुण्याच्या बॉटॅनिकल सर्व्हेच्या पश्चिम विभाग केंद्रातून ओळख पटवून घ्या. हे झाल्याशिवाय पुढचं सगळं कशावर उभं आहे ते कळणारच नाही.

पाला पावसाळ्यात गोळा करू नका. जून ते सप्टेंबर आपल्याकडे सावलीत सुकवणं म्हणजे बुरशी आणणं, त्यापेक्षा पाऊस गेल्यावर घ्या आणि ट्रे ड्रायरला ४०-४५ च्या वर नेऊ नका, यातलं सुगंधी तेल उडून जातं.

आता मुख्य गोष्ट. निर्गुंडी आपण लावतो कुठे? सांध्याच्या सुजेवर, मुरगळण्यावर, कंबरेवर. आणि लावतो कशी? तव्यावर गरम करून, शेकून, बांधून. म्हणजे गुण पाल्याचा किती, शेकाचा किती आणि बांधून ठेवण्याचा किती हे आपल्या घरात कोणी वेगळं केलेलं नाही. तुमच्या जेलमध्ये शेक नाही, बांधणं नाही. शिवाय चिकाने भाजलेल्या, फोड आलेल्या कातडीवर मी कधीच गरम पाला बांधणार नाही, तिथे दाह आहे, शीत उपचार हवेत. तेव्हा परंपरेत आहे म्हणून चालेल असं गृहीत धरू नका. सांध्याच्या सुजेची परंपरा चिकाच्या दाहाला आपोआप लागू पडत नाही. मला निर्गुंडीबद्दल आदर आहे म्हणूनच हे सांगतोय.

देवगड_बागवाला

वैद्यबुवा, आमच्याकडे चीक उठला की निगडीचा पाला वाटून लावतात आणि चार-पाच दिवसांत उतरतं, हे लहानपणापासून बघतोय. हे काय खोटं?

त्वचा_रत्नागिरी

बागवाले दादा, खोटं अजिबात नाही, उतरतं हे खरंच आहे. प्रश्न एवढाच की पाला न लावता किती दिवसांत उतरलं असतं. नुसत्या चिकाच्या जळजळीचा दाह, चीक परत लागला नाही तर, बऱ्याच वेळा आठवड्याभरात आपला आपण बसतो. म्हणून पाला लावलेला हात आणि न लावलेला हात शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय श्रेय कोणाला द्यायचं ते ठरत नाही.

मी त्वचारोगाची प्रॅक्टिस करते, सीझनला असे पेशंट रोज असतात. दोन प्रकार वेगळे ओळखा. एक म्हणजे चीक थेट भाजतो, लागल्या लागल्या किंवा काही तासांत, जिथे लागला तिथेच. दुसरा अ‍ॅलर्जीचा, तो एक-दोन दिवसांनी उठतो, खूप खाजतो, आणि एकदा अंगात बसला की पुढच्या वर्षी थोड्या चिकानेही उठतो. आंबा, काजू आणि बिब्बा एकाच कुळातले, त्यांच्यातली रसायनंही एका घराण्यातली, त्यामुळे काजूची अ‍ॅलर्जी असलेल्या बाईला आंब्याच्या सालीनेही त्रास होऊ शकतो. जेल यातल्या कशासाठी बनवताय हे आधी ठरवा, कारण टेस्ट त्यावर अवलंबून आहे.

कॅराजिनन टेस्ट (विंटर आणि सहकारी, १९६२) उत्तम टेस्ट आहे, पण ती पंजाच्या आतल्या सुजेची. पहिल्या तास-दोन तासांत हिस्टामिन, सेरोटोनिन, तिसऱ्या तासापासून प्रोस्टाग्लँडिन. ती डायक्लोफेनॅकसारख्या दुखण्या-सुजेच्या जेलसाठी योग्य. कातडीच्या वरच्या थराच्या दाहाला क्रोटन ऑइल किंवा टीपीए (त्याच तेलातलं दाहक रसायन) लावून उंदराच्या कानाची सूज मोजतात ती जवळची, आणि अ‍ॅलर्जीसाठी डीएनएफबी किंवा ऑक्साझोलोन या अ‍ॅलर्जी आणणाऱ्या रसायनांची. तुमच्या चिकाच्या गोष्टीला पंजापेक्षा कान जास्त जवळचा आहे.

एक विनंती सगळ्यांनाच. लाल आणि खाजरं दिसतंय म्हणजे चीकच असं नाही, आपल्या दमट हवेत बऱ्याच वेळा तो नायटा निघतो, आणि मेडिकलमधली स्टेरॉईड मिसळलेली ट्यूब लावली की चार दिवस बरं वाटून तो दुप्पट पसरतो. नायट्यावर दाह कमी करणारं जेल हे औषध नाही.

काजूकाकी

माका येक सांगूचा हा. आमच्या कारखान्यात वाफवलेली काजी कटरवर फोडतत, तेव्हा टरफलातला तेल उडता, बोटांची कातडी काळी पडता नि मगे सोलान निघता. हातांक खोबरेल नि राख लावन बसतत. मोजे दिलेले हत पण गरमान हात भिजतत म्हणान काडून ठेवतत, मोज्यांत बी धरूक पण गावणा नाय. तुमचा जेल येयत तेव्हा येयत, पण ता सोललेल्या कातडीक झोंबता कामा नये, येवढाच सांगतंय. झोंबला तर परत कोण हात लावूचा नाय.

पालशेतचा_पाला

काकी, हे तुम्ही सांगितलंत ते कुठल्याच पेपरात वाचलं नव्हतं. सोललेल्या कातडीवर अल्कोहोल आणि जास्त प्रोपिलीन ग्लायकॉल दोन्ही झोंबणार, म्हणजे फॉर्म्युला तिथूनच बदलायला हवा.

मास्तर, डॉक्टर, अंड्याच्या पांढऱ्याच्या टेस्टबद्दल काय करू? आणि प्राण्यांच्या टेस्टला किती गट लागतील? मला २००३ चा श्रीलंकेतला पेपर मिळाला, निगडीच्या ताज्या पाल्याच्या पाण्यातल्या अर्काने उंदरांची सूज कमी झाली असं त्यात आहे.

जांभा_मास्तर

तो पेपर चांगला आहे, पण त्यात अर्क तोंडावाटे दिलाय. पोटातून रक्तात जाऊन सूज उतरवणं वेगळं आणि जेलमधून कातडीत शिरणं वेगळं. तुझ्या अर्कातला कास्टिसिन किंवा अ‍ॅग्नुसाइड (निगडीतली दोन रसायनं) जेलमधून बाहेर तरी येतो का हे फ्रान्झ सेलमध्ये (पडद्यातून किती औषध पार होतं ते मोजायचं काचेचं उपकरण) बघ, ३२ डिग्रीला, कारण कातडीचा पृष्ठभाग तेवढाच गरम असतो. जेल घट्ट व्हावं म्हणून पॉलिमर वाढवत गेलास तर आतला माल आतच अडकतो. हे मोजायला एखादा मार्कर (पाल्यातलं मोजता येईल असं ठरावीक रसायन) ठरवावा लागेल. फोलिन-सिओकॅल्टो टेस्टने एकूण फिनॉल काढून भागत नाही, तो कुठल्याही पाल्यात दिसतो.

अंड्याच्या पांढऱ्याची टेस्ट कर, स्वस्त आहे, पण तिच्यावर मोठा निष्कर्ष ठेवू नकोस. टॅनिन स्वतःच प्रोटीन खाली बसवतात आणि हिरव्या अर्काचा रंग ६६० नॅनोमीटरला रीडिंग बिघडवतो. प्रत्येक कॉन्सन्ट्रेशनला अर्काचा वेगळा ब्लँक लाव, म्हणजे प्रोटीन नसलेला. हे न केलेले थिसिस किती तपासले असतील मी.

आता गट. काही न लावलेला, नुसता बेस लावलेला, अर्काचं जेल दोन ताकदीचं आणि बाजारातलं १% डायक्लोफेनॅक जेल. कान निवडलास तर डायक्लोफेनॅकऐवजी स्टेरॉईडचं मलम घे. यातला नुसत्या बेसचा गट म्हणजे तुझ्या सगळ्या कामाचा कणा. ग्लिसरीनचा ओलावा, पाण्याचा थंडावा, चोळण्याचा परिणाम हे सगळं बेसमध्ये आहेच. तुझं जेल काही न लावलेल्यापेक्षा सरस निघालं तर त्यात नवल नाही, बेसपेक्षा सरस निघालं तरच ते निगडीचं काम. मी विद्यार्थ्यांचं बाकी सगळं माफ करायचो, बेसचा गट नसेल तर थिसिस परत पाठवायचो.

त्वचा_रत्नागिरी

मास्तरांच्या शेवटच्या वाक्याला माझ्याकडून दोन सह्या.

लोटे_क्यूसी

कागदपत्रांचं पण बघून ठेव. प्राण्यांवर करायचं तर कॉलेजची अ‍ॅनिमल एथिक्स कमिटी आणि सीसीएसईए (प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख ठेवणारी केंद्राची समिती, आधीचं सीपीसीएसईए) नोंदणी लागते. आणि जेलला कॉस्मेटिक म्हणणार असशील तर २०१४ पासून भारतात कॉस्मेटिकची प्राण्यांवर टेस्ट करायला बंदीच आहे, शिवाय कॉस्मेटिकवर "दाह बरा करतं" असं लिहिता येत नाही. तसं लिहायचं तर ते औषध, मग आयुर्वेदिक प्रोप्रायटरी म्हणून परवाना, औषध नियमांतल्या शेड्यूल टी प्रमाणे जागा, नियम १५८बी प्रमाणे पुरावा. बचत गटाने घरच्या मिक्सरवर करून स्टॉलवर विकणं यात कुठेच बसत नाही. गटाला पाला गोळा करून, नीट सुकवून, ओळख पटवून परवानेवाल्याला देता येईल, त्यातही पैसे आहेत.

देवगड_बागवाला

डॉक्टर म्हणतात तसं एका हाताला पाल्याचं जेल आणि दुसऱ्याला नुसता बेस लावून बघायचं असेल तर आमचे गडी तयार होतील, मी विचारतो. सीझन संपायच्या आत.

त्वचा_रत्नागिरी

दादा, तुमची तयारी बघून बरं वाटलं, पण असं थेट करायचं नाही. आधी प्राण्यांचा किंवा कृत्रिम त्वचेचा इरिटेशनचा निकाल, मग माणसांवर करायला एथिक्स कमिटीची परवानगी, सीटीआरआयवर (देशातल्या क्लिनिकल ट्रायलची नोंदवही) नोंदणी, गड्यांना मराठीत सगळं समजावून लेखी संमती. मालकाने विचारलं म्हणून गडी "हो" म्हणतो, ती संमती नव्हे. त्यामुळे विचारणारा माणूस बागेच्या बाहेरचाच हवा.

आणि तेव्हा दोन्ही ट्यूब दिसायला सारख्या हव्यात. हिरवं ते औषध हे लगेच ओळखू येतं आणि माणूस हिरव्या हाताला बरं वाटतंय म्हणतो. अर्कातलं क्लोरोफिल काढता आलं तर उत्तम, नाहीतर बेसला तसाच रंग द्या. क्लोरोफिल काढायला माझं अजून एक कारण आहे. त्यातून फुटून तयार होणारं फिओफोर्बाइड उन्हात कातडीला त्रास देऊ शकतं, आणि हे लोक दिवसभर उन्हातच असतात.

पालशेतचा_पाला

अपडेट देतो. भुकटी आधी पेट्रोलियम ईथरने धुतली, बरंच हिरवं त्यात निघून गेलं. टीएलसीवर (अर्कातले घटक ठिपक्यांत वेगळे करणारी चाचणी) कास्टिसिनचा ठिपका धुण्याच्या आधी आणि नंतर बघितला, तो जागेवर आहे. मग ९०% अल्कोहोलचा अर्क काढून तो २% घातला, बेस झँथन सव्वा टक्का, ग्लिसरीन वाढवून प्रोपिलीन ग्लायकॉल ३% वर आणलं, पीएच ५.६. रंग पिवळसर आहे आणि पातळ झालेलं नाही. अल्कोहोल पूर्ण उडवलाय. बेसला तसाच पिवळा रंग देतोय. गाईडशी बोललो, कानाच्या टेस्टला ते तयार झाले, कमिटीकडे अर्ज लिहायला घेतलाय, बेसचा गट त्यात पहिल्या ओळीत आहे.

वैद्य_मळेवाड

पिवळसर चालेल. फक्त अर्काचं प्रमाण लिहिताना "२% अर्क" एवढंच लिहू नका, किती किलो सुक्या पाल्यातून किती अर्क आला तेही लिहा, नाहीतर पुढच्या माणसाला तुमचं काम परत करता येणार नाही.

काजूकाकी

ह्या सगळा होयसर आमी काय करूचा ता पण कोणीतरी सांगा.

त्वचा_रत्नागिरी

काकी, जेलची वाट बघू नका. कामाला बसायच्या आधी हाताला तेल, तुम्ही लावता ते बरोबरच आहे. राख मात्र कातडी कोरडी करते, ती ज्यांची कातडी सोललेली आहे त्यांनी लावू नये. मोज्यांच्या आत सुती पातळ मोजे घालून बघा, घाम शोषला जातो, आणि पूर्ण मोजा जमत नसेल तर निदान अंगठा आणि दोन बोटांना रबरी टोप्या. तेल उडालं की लगेच साबण आणि भरपूर पाण्याने धुवा, सुट्टी होईपर्यंत थांबू नका. रॉकेलने हात पुसू नका, त्याने अजून भाजतं. आंब्याच्या गड्यांनाही हेच, आणि फळ देठासकट काढलं तर चीक मुळात कमी उडतो. डोळ्याजवळ सूज आली, पाण्याचे मोठे फोड आले, पू झाला किंवा ताप आला तर पाला नको, जेल नको, सरळ दवाखाना.

पालशेतचा_पाला

काकी, मोज्यांत बी का धरता येत नाही ते मला बघायचंय. तुमच्या कारखान्याची हरकत नसेल तर मेसेज करा, मी येतो. झोंबण्याची टेस्ट कमिटीची परवानगी आल्यावरच, पण फॉर्म्युला पक्का करायच्या आधी सोलणाऱ्या बायकांशी बोलायचंय.

काजूकाकी

ये रे. सकाळी आठाच्या आदी ये, कटर सुरू झाले काय कोण बोलूक गावणा नाय.